फिस्टुला आत्ताच करून घ्या

चि. सौ. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामांचे, किडनीचे रिपोर्ट पाहिले. क्रिएटिनिन ४.६, जीएफआर १४, हिमोग्लोबिन ८.९. जीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते तो आकडा. तो १५ च्या खाली आला की आजाराचा पाचवा, म्हणजे शेवटचा टप्पा धरतात. पण म्हणून उद्याच मशीनवर घ्यायचं असं नसतं. भूक मेली, उलट्या सुरू झाल्या, आडवं झालं की दम लागला किंवा रक्तातलं पोटॅशियम औषधांनी आवरेना, की डायलिसिस, म्हणजे किडनीचं गाळायचं काम बाहेरून करून घेणं. बऱ्याच जणांचं जीएफआर ५ ते १० च्या मध्ये येईपर्यंत निभतं. हा मधला वेळ ‘बघू पुढं’ म्हणत घालवू नका.

वेळ लागतो तो फिस्टुलाला. मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. धमनीच्या जोरानं शीर फुगते, जाड होते, मगच तिच्यात डायलिसिसच्या जाड सुया टोचता येतात. याला दीड ते तीन महिने जातात. मधुमेहाच्या माणसाच्या शिरा खराब असल्या तर पहिला फिस्टुला तयारच होत नाही, दुसरा करावा लागतो. तो वेळेत झाला नाही तर ऐनवेळी मानेत नळी घालतात, आणि त्या नळीतून जंतू थेट रक्तात जातात. मामा उजव्या हातानं काम करतात, म्हणून डावा हात राखा. आजपासून त्या हाताला सुई नको, सलाईन नको. फिस्टुला झाल्यावर बीपीचा पट्टा, घड्याळ, कडं काही नको, आणि तो हात उशाला घेऊन झोपायचं नाही. रोज सकाळी तिथं बोटं ठेवून बघायचं. मांजराच्या पोटाला हात लावल्यावर लागते तशी घुरघुर लागली पाहिजे. लागली नाही तर आत गुठळी झाली असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला की ती शीर बहुधा परत मिळत नाही.

मशीनवरचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. गावाहून अंबाजोगाई, परत घरी, म्हणजे दिवस गेलाच. म्हणून लोक दोनदावर आणतात आणि तिथंच बिघडतं. मामांचं वजन साठ किलो. दोन खेपांच्या मधे अंगात पाणी साठून चार किलो वाढले, तर चार तासांत चार लिटर पाणी ओढावं लागतं. बीपी कोसळतं, पिंडऱ्यांत गोळे येतात, मशीन मध्येच थांबवावं लागतं आणि पाणी आतच राहतं. वाढ दोन-अडीच किलोंच्या आत ठेवा. तहान लावतं ते मीठ, तेव्हा ठेचा, पापड, लोणचं ताटातून काढायचं. कमी सोडियमचं मीठ मात्र चुकूनही आणू नको, त्यात पोटॅशियम असतं.

पोटाचं डायलिसिस घरीच होतं. बेंबीजवळ नळी बसवतात. दोन लिटरच्या पिशवीतलं औषधाचं पाणी पोटात सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं, काढून टाकायचं, असं दिवसातून तीन-चारदा. पिशवी वर टांगली की औषध उतरतं, खाली ठेवली की पाणी बाहेर येतं, त्यामुळं भारनियमनाची भीती नाही. पण हात साबणानं धुवायला स्वच्छ पाणी हवंच. उन्हाळ्यात टँकरवर असाल तर त्यासाठी वेगळं झाकलेलं पिंप ठेव. पिशवी बदलताना दार लावायचं, पंखा बंद, मग मे महिना असला तरी. बाहेर आलेलं पाणी धुण्याच्या पाण्यासारखं गढूळ दिसलं तर पोटात जंतू झाले समज. ती पिशवी घेऊनच डॉक्टरकडे जा. तुमची माडीवरची खोली कोरडी आहे, पिशव्यांची खोकी तिथं राहतील. मला तुमच्यासाठी हाच मार्ग आधी विचारावासा वाटतो.

प्रत्यारोपण जमलं तर सगळ्यांत चांगलं. किडनी द्यायला घरात आधी बायकांकडेच बघतात, म्हणून स्पष्ट लिहिते. कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. सून त्यात येत नाही, तिला समितीची परवानगी लागते. आधी मामांच्या भावांची तपासणी होऊ दे. रक्तगट जुळला नाही तर दोन कुटुंबांत अदलाबदलीचीही सोय आहे. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव घालायचं तर ते प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय केंद्राकडे जातं. नंतर टॅक्रोलिमससारख्या गोळ्या बारा-बारा तासांनी, आयुष्यभर. चुकल्या की शरीर ती किडनी नाकारतं.

हिमोग्लोबिनसाठी लोह आणि एरिथ्रोपोएटिनचं, म्हणजे रक्त वाढवणारं, इंजेक्शन विचारा. रक्त चढवणं टाळता आलं तर टाळा, त्यानं पुढं किडनी जुळणं अवघड होतं. कावीळ-बी ची लस आत्ताच सुरू करा, दुप्पट मात्रेत, महिने ०, १, २, ६. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक नको, भस्मंही नकोत. आणि किडनी मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं. साखर एकदम खाली येऊ शकते, तेव्हा डोस डॉक्टरांना दाखवून घ्या.

डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव एकच आहे का, ते या आठवड्यात बघून घे.

तुझी,
आई