पिवळ्या-काळ्या गर्दीत तीन जागा

कोबे,
14 एप्रिल

प्रिय मंजू,

आधी एक काम कर. तुझ्या अहोंना सांग, चढ्या भावाने तिकिटं विकणारी ती साइट बंद करा आणि कार्ड पाकिटात ठेवा. तीन तिकिटांचे ते जेवढे पैसे मागतायत, तेवढ्यात तुमचा तिघांचा ओसाका ते टोकियो शिनकानसेनचा, म्हणजे बुलेट ट्रेनचा खर्च निघेल. लेकाला इथे बेसबॉलचा सामना बघायचाय आणि तिकिटं मिळत नाहीत, हा तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोनच करणार होते, पण आपला फोन बेसबॉलवरून सुरू झाला तरी थोड्या वेळात तुझ्या नणंदेच्या फ्लॅटवर पोचतो. म्हणून लिहूनच काढते.

‘सगळीकडे फुल्याच फुल्या दिसतायत’ म्हणतेस. बरोबर आहे. इथल्या तिकीटपानांवर गोल म्हणजे भरपूर, त्रिकोण म्हणजे थोडी आणि फुली म्हणजे संपली. पण एप्रिलमध्ये दिसणारी फुली ही एप्रिलपुरती असते. मे उजाडेपर्यंत त्यातल्या काही उघडतात, काही पुन्हा मिटतात. का, ते सांगते. ते एकदा कळलं की अहोंचा जीव भांड्यात पडेल.

तुझ्या लेकाला जिथे जायचंय ते कोशिएन हे हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाचं घरचं मैदान. ओसाका आणि कोबेच्या मधे, निशिनोमियात. 1924 च्या ऑगस्टमध्ये उघडलं, म्हणजे शंभरी उलटून गेली. साधारण 47 हजार माणसं मावतात आणि टायगर्सचे घरचे सामने एका हंगामात 30 लाखांच्या आसपास लोक बघतात. इथे दोन लीग आहेत, सेंट्रल आणि पॅसिफिक, आणि दोन्हींच्या विजेत्यांची शेवटची लढत म्हणजे जपान सिरीज. त्यात 2023 ला टायगर्सनी तब्बल 38 वर्षांनी जपान सिरीज जिंकली, 2025 ला पुन्हा त्यांची सेंट्रल लीग जिंकली. इथल्या लोकांना आधीच वेड होतं, आता ताळतंत्रच राहिलेलं नाही.

तर तिकिटांची वाट अशी. बऱ्याच जागा आधीच वर्षभरासाठी विकलेल्या असतात, कंपन्यांना आणि हौशी माणसांना. मग फॅन क्लबवाल्यांचा नंबर. त्यांनाही हवा तो सामना मिळेलच असं नाही, मागणी जास्त असली की सोडत निघते. त्यातून उरलेली मार्चमध्ये सगळ्यांसाठी खुली होतात, ठरलेल्या दिवशी सकाळी 10 वाजता. तुमच्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात आणि तू बहुधा दुधाची पिशवी कापत असतेस. परदेशी पाहुणा या रांगेत शेवटी. तरी रांग आहे, आणि ती सगळ्यांना दिसते. 2011 च्या फायनलला वानखेडेच्या 33 हजार जागांतली जेमतेम 4 हजार तिकिटं सामान्य माणसाच्या वाट्याला आली होती. तेव्हा तुझे अहो किती चिडले होते, आठवतंय ना? त्या मानाने इथला कारभार सरळ आहे.

आता फुली कशी उघडते ते. प्रत्येक संघ हंगामात 143 सामने खेळतो, त्यातले निम्मे घरचे. वर्षभराची जागा घेतलेला माणूस दर मंगळवारी संध्याकाळी सहाला मैदानात थोडाच पोचतो? ऑफिस आहे, पोरांच्या परीक्षा आहेत, पाऊस आहे. तो तिकीट परत विकायला काढतो. बऱ्याच संघांनी यासाठी स्वतःची अधिकृत सोय केलेली आहे. सामना जवळ आला की त्यात हालचाल सुरू होते. दुसरं कारण आणखी साधं. कॉम्बिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात पैसे भरतो म्हणून बरेच जण तिकीट धरून ठेवतात आणि मुदतीत भरत नाहीत. मुदत टळली की ती जागा गुपचूप विक्रीला परत येते. कोणी जाहिरात करत नाही, ज्याने बघितलं त्याची.

हे तुम्ही पुण्यात बसून करू शकाल का? सांगायला वाईट वाटतं, पण कठीण आहे. पुष्कळ संघांची इंग्रजी पानं आहेत आणि तिथे परदेशी कार्ड चालतं. मात्र तिथे सगळे विभाग दिसत नाहीत आणि आहेत ते लवकर संपतात. जपानी पानावर गेलात तर जपानी मोबाइल नंबर लागतो, त्यावर कोड येतो. विमानतळावर मिळणारं पर्यटकांचं ई-सिम बहुतेक वेळा फक्त डेटाचं असतं, त्याला नंबरच नसतो. मग पत्ता, पिनकोड, नाव काताकाना या जपानी लिपीत. एवढं सगळं करून शेवटच्या पानावर आपल्या बँकेचं कार्ड मान टाकतं. कारण नव्या नियमांप्रमाणे परदेशी व्यवहाराची परवानगी बँकेच्या ॲपमध्ये आपण स्वतः चालू करावी लागते आणि ओटीपी येतो भारतातल्या सिमवर. ही परवानगी मात्र तुम्ही आजच चालू करून ठेवा. तिकिटांचं मी बघते, पण इथे आल्यावर बाकी ठिकाणीही तेच गाडं अडतं.

कोशिएनची तीन तिकिटं मी काढणार. ‘तुला कशाला त्रास’ वगैरे लिहिलंयस ते वाचलंच नाही असं समज. माझ्याकडे नंबर आहे, पत्ता आहे आणि घराखाली लॉसन ही कॉम्बिनी आहे. हे लॉसन प्रकरण तुझ्या लेकाला आवडेल, म्हणून आल्यावर एखादं तिकीट त्याच्याच हातून काढून घेऊ. दुकानात कोपऱ्यात लोप्पी नावाचं मशीन असतं, छातीइतकं उंच. त्यात बुकिंगचा नंबर आणि फोन नंबर घातला की पावतीसारखी एक लांब चिठ्ठी बाहेर येते. ती चिठ्ठी म्हणजे तिकीट नव्हे. ती घेऊन अर्ध्या तासाच्या आत गल्ल्यावर जायचं. तिथला पोरगा मागच्या प्रिंटरमधून जाड कागदाचं तिकीट काढतो, आपल्यासमोर आडवं धरतो, तारीख, विभाग, रांग बोटाने दाखवतो, आपण मान डोलावली की पाकिटात घालून दोन्ही हातांनी देतो. पलीकडे ओनिगिरीचे, म्हणजे भाताच्या मुटक्यांचे भाव बघणाऱ्या बाईला कल्पनाही नसते की शेजारी केवढा सोहळा झाला. मला कागदाचं तिकीट बरं वाटतं ते याचसाठी. फोनमधलं तिकीट एका खात्यातून तिघांच्या फोनवर पाठवायचं म्हणजे प्रत्येकाचं खातं उघडा, पुन्हा तोच नंबरचा घोळ.

आता अहोंच्या त्या साइटबद्दल. इथे जून 2019 पासून कायदा आहे. आयोजकाच्या परवानगीशिवाय, मूळ किमतीपेक्षा चढ्या भावाने, धंदा म्हणून तिकीट विकलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विकणाऱ्याला हो, घेणाऱ्याला नाही. पण घेणाऱ्याचे हात पोळायचे ते पोळतातच. आमच्या ऑफिसातल्या एकाचे पाहुणे असंच बाहेरून घेतलेलं तिकीट घेऊन गेले. फोनमध्ये क्यूआर कोडचा नुसता स्क्रीनशॉट. दारावरची मुलगी कमरेतून वाकून वाकून माफी मागत राहिली, पण आत काही सोडलं नाही. आणि समजा तिकीट खरं निघालं तरी कोशिएन उघड्यावर आहे. पावसाने सामना रद्द झाला तर पैसे ज्याने पहिल्यांदा घेतलं त्याला परत जातात. तुम्ही छत्री मिटत बसाल.

खरं तर तुम्ही तिकीट शोधत बसू नका. आधी सामना नीट निवडा. रविवार आणि योमिउरी जायंट्स या दोन गोष्टी डोक्यातून काढा. टायगर्स-जायंट्स म्हणजे ओसाका विरुद्ध टोकियो, पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण, त्याचं तिकीट इथल्या जावयालाही मिळत नाही. त्याऐवजी मंगळवार-बुधवार धरा. मे संपता संपता किंवा जून उजाडताना दोन लीगमधले आपसातले सामने सुरू होतात, तेव्हा पॅसिफिक लीगचे संघ इकडे येतात. त्यातला एखादा मधल्या वारचा सामना मिळण्याची मला बरीच आशा आहे. मैदानावर जाऊन खिडकीवर बघू, असला विचार मात्र नको. खिडकीवर शिल्लक असेल तरच मिळतं आणि कोशिएनला शिल्लक राहणं विरळा.

जागा कुठली घ्यायची यावर आपलं आणि अहोंचं वाजणार. त्यांना होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्याच्या मागची हवी असणार, क्रिकेटमध्ये बॉलरच्या हाताच्या रेषेत बसायची सवय. ती महाग, पण वर ‘गिनसान’ नावाचं रुपेरी छत आहे, पाऊस लागत नाही. पूर्वी तिथे लोखंडी छत होतं, ते 1943 मध्ये युद्धासाठी धातू हवा म्हणून काढून नेलं. मला विचारशील तर पहिल्या बेसच्या बाजूचा आल्प्स स्टँड. चढ असा की खालच्या माणसाच्या टोपीवरून सगळं मैदान दिसतं. उजवीकडचं आउटफील्ड म्हणजे कट्टर मंडळी. तिकडे ओएन्दान, म्हणजे संघाला ओरडून प्रोत्साहन देणारं पथक असतं, ट्रम्पेट, ढोल, प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं. आपला संघ फलंदाजीला असेपर्यंत सगळे उभे, समोरच्यांची पाळी आली की एकदम खाली बसून बेंतो, म्हणजे जेवणाचे डबे उघडायचे. तिथे बसायचं ठरलं तर लेकाला सांग, ओहतानीचा तो अमेरिकेतल्या डॉजर्स संघाचा निळा शर्ट हॉटेलवर ठेव. तिथे पिवळ्या-काळ्याखेरीज रंग नको.

आणखी एक गोष्ट त्याला नक्की सांग, खूश होईल. 1985 ला टायगर्स जिंकले तेव्हा लोकांनी एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारखा दिसणाऱ्याने ओसाकातल्या दोतोनबोरीच्या कालव्यात उडी मारायची, असा धुमाकूळ घातला. संघातल्या रँडी बॅस या दाढीवाल्या अमेरिकनासारखं कोणी सापडेना, तेव्हा केएफसीच्या दुकानाबाहेरचा कर्नल सँडर्सचा पुतळाच उचलून पाण्यात टाकला. पुढे संघ हरत राहिला आणि लोक म्हणायला लागले, कर्नलचा शाप लागला. पुतळा 2009 ला गाळात सापडला. शाप मात्र 2023 पर्यंत टिकला. म्हणजे आमच्याकडेही नवस-सायास आहेत, फक्त देव वेगळे.

आणि समजा नाहीच जमलं, तर? तोंड पाडू नका. ओसाकातच क्योसेरा डोममध्ये ओरिक्स बफेलोज खेळतात, पुढे अमेरिकेत गाजलेल्या इचिरोचा जुना संघ. मधल्या वारी तिकीट बऱ्याचदा मिळतं आणि छप्पर असल्यामुळे पावसाची कटकट नाही. वर्षातले थोडे सामने ते इथे कोबेतही खेळतात. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपानंतर याच संघाने बाहीवर ‘गाम्बारो कोबे’ लावून खेळायला सुरुवात केली, त्याच वर्षी पॅसिफिक लीग जिंकली आणि पुढच्या वर्षी जपान सिरीज. आमच्या शेजारच्या आजी टायगर्सच्या भक्त, पण तो विषय निघाला की आजही ओरिक्सबद्दल वाकडा शब्द बोलत नाहीत. तिसरा पर्याय अमागासाकीचा. दाइमोत्सु स्टेशनजवळ 2025 पासून टायगर्सच्या दुसऱ्या फळीचं नवं मैदान सुरू झालंय. उद्याचे खेळाडू हाताच्या अंतरावर दिसतात आणि खर्चही कमी. लेक खरोखर खेळ बघणारा असेल तर त्याला हेच जास्त आवडेल, असं माझं मत. पण तो बारा वर्षांचा आहे, त्याला गर्दी हवी असणार, हेही कळतंय.

टोकियोत दोन दिवस आहात तर टोकियो डोमच्या मागे लागू नका. मेइजी जिंगू स्टेडियमला जा. 1926 चं मैदान, 1934 ला बेब रूथ तिथे खेळून गेला. तिथल्या घरच्या संघाने, याकुल्ट स्वॅलोजने धाव काढली की सगळं स्टेडियम छोट्या छत्र्या उघडून नाचवतं. ते मैदान पाडून नवं बांधायचं ठरलंय, तेव्हा आहे तोवर बघून घ्या. मधल्या वारी त्याचं तिकीट कोशिएनइतकं अवघड नाही आणि तिथे इंग्रजी पानावर तुमचं तुम्हाला जमावं.

खाण्याचं तुझं नेहमीचं. कोशिएनचा प्रसिद्ध करी-राइस मांसाहारी आहे, तो तुमच्या उपयोगाचा नाही. बाहेरचं खाणं नेता येतं, तेव्हा मी पोळ्यांचे रोल करून आणीन. कॅन आणि काचेच्या बाटल्या मात्र आत चालत नाहीत, दारातच पेय कागदी पेल्यात ओतून देतात. अहोंना सांग, पाठीवर बिअरची टाकी बांधलेल्या मुली पायऱ्या चढत-उतरत जागेवर आणून देतात, बरोबर एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा घ्या. ओसाकातल्या उमेदा स्टेशनहून हानशिन लाइनने पाव तासात मैदान येतं.

तर आता तुझं काम. तुमच्या ओसाकातल्या रात्री नक्की कुठल्या ते कळव आणि त्यातली एक संध्याकाळ देवळं-बिवळं न ठेवता मोकळी सोड, शक्यतो दोन. तिघांची नावं पासपोर्टप्रमाणे पाठव. जास्तीत जास्त किती येनपर्यंत जायचं तेही आधीच ठरवून सांग, कारण जागा उघडली की मला दोन मिनिटंही मिळणार नाहीत आणि तेव्हा तुम्हा नवराबायकोचं एकमत व्हायची वाट मी बघणार नाही.

लेकाला गोड पापा. अहोंना नमस्कार.

तुझी,
सुलू

ता. क. भारतातली सिमं रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपीसाठी. आणि भाजणी आणायला विसरू नकोस, मागच्या वेळची कधीच संपली.