बाबांच्या गळ्याबद्दल

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

किरणांच्या उपचारासाठी मास्क करून घरी परुळ्याला परतताना बाबा चिडले होते, "मशीन आसा, डाक्टर आसत, मग आठ दिस कित्याक थांबूचा?" त्याचं उत्तर काल डॉक्टरांना भेटून आणलंय.

त्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी, म्हणजे तो मास्क, तुमच्या तोंडा-मानेवर दाबून बसवली आणि ती घातलेली असतानाच सीटी स्कॅन काढला. आता डॉक्टर त्या सीटीची एकेक चकती कॉम्प्युटरवर उघडून रेषा आखतायत. गाठ कुठवर, मज्जारज्जू कुठे, मानेच्या रक्तवाहिन्या कुठे. मग फिजिसिस्ट किरण कोणत्या कोनातून किती सोडायचे याचं गणित मांडतात आणि तुम्हाला टेबलावर घेण्याआधी ते मशीनवर मोजून तपासतात. ऑपरेशन करतो तोच खरा डॉक्टर, 'लाईट'वाले, म्हणजे किरण देणारे, नुसतं बटण दाबतात, असं मलाही वाटायचं. काल एका चकतीवर डॉक्टरांना कितीतरी वेळ थांबलेलं पाहिलं. गळा तुमचा होता बाबा, ज्या गळ्यावर वाडीतली सगळी भजनं उभी आहेत.

गाठ स्वरतंतूपुरतीच असताना सापडली, म्हणून नुसत्या किरणांनी ती बरी होण्याची आणि आवाज राहण्याची चांगली आशा आहे, असं ते म्हणाले. रोज 2.25 ग्रे (हे किरणांच्या डोसाचं माप), 28 वेळा, एकूण 63 ग्रे. शनिवार-रविवार सुट्टी. साडेपाच आठवडे.

आता गणपतीचं. तो मधेच येतोय, आणि "पाच दिवस जाऊन येऊ" हे तुमच्या मनात आहे, मला कळतं. मी विचारलं. डोस थोडा थोडा देतात तो चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळावा म्हणून. पण मधे मोठा खंड पडला की गाठीच्या उरलेल्या पेशीही वाढायला लागतात, आणि गळ्याच्या गाठीत हे फार महागात पडतं. म्हणून यंदा गणपतीवरची माटवी दादा बांधेल, आरती भाऊकाका म्हणतील. कृपा करून यावर वाद नको.

आई, हे तुझ्यासाठी. मशीनखाली काहीच जाणवत नाही, शेकही लागत नाही. अंगात किरण राहत नाहीत, नातवाला खुशाल मांडीवर घेऊ दे. पण तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना दुखेल आणि आवाज आधी आणखी बसेल. तेव्हा घाबरू नका, "औषध उलटलं" म्हणू नका. डॉक्टर दर आठवड्याला बघतात ते यासाठीच, दुखण्यावरचं औषध डॉक्टरच देतील. बाबांना दुखणं लपवायची सवय आहे, म्हणून तिथे तू बोल. वजन फार उतरलं तर मास्क सैल होतो आणि सगळं पुन्हा मोजावं लागतं. तिरफळं, तिखट, सोलकढी बंद, उकड्या तांदळाची पेज चालेल. बिडी मात्र आजपासून नको, उपचारात तिच्यासारखा वैरी नाही.

शनिवारच्या तुतारी एक्स्प्रेसची कुडाळहून दोन तिकिटं काढली आहेत. पहाटे दादरला मी उभी असेन. तांदूळ घरचेच आणा, इथले नीट शिजत नाहीत. मास्क हॉस्पिटलातल्या फळीवर बाबांच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलाय, काल मी बघून आले.

तुमची,
बाय