ढगाळ हवेतही सनस्क्रीन हवे

संपादक महोदय,

गेल्या सप्टेंबरात आम्ही घरची मंडळी कास पठारावर फुले बघायला गेलो होतो. आभाळ भरून आलेले, गार वारा सुटलेला. ऊन कुठे आहे म्हणून सनस्क्रीनची ट्यूब गाडीतच राहिली. घरी आल्यावर पाहतो तर धाकट्या लेकीचे कान आणि मानेची मागची बाजू लालबुंद. रात्री तिला उशीवर मान टेकवेना. चार दिवसांनी नाकाचे साल निघाले.

ढग असले तरी अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात. कास तर समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंच, आणि उंचीबरोबर हे किरण तीव्र होत जातात. गारव्यामुळे चटका कळत नाही, एवढेच.

लावण्याची आपली पद्धतही चुकते. वाटाण्याएवढे क्रीम सगळ्या चेहऱ्याला कसे पुरणार? तर्जनी आणि मधले बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत पट्टा काढावा. चेहरा आणि मान मिळून तेवढे लागते. एसपीएफ (त्वचा भाजण्यापासून किती संरक्षण मिळते तो आकडा) ३० किंवा अधिक, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवणारे) लिहिलेले घ्यावे, निघण्याच्या १५ ते २० मिनिटे आधी लावावे आणि दर २ तासांनी पुन्हा. घाम पुसला तर त्याआधीच. कान आणि मान तर हमखास विसरतात! सोबत टोपी हवीच.

फुलांचा हंगाम येतोय. पठारावर तिकीट देतात तिथे याचा एक मराठी फलक लावावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, शाहूपुरी, सातारा