काका, एकोणतीस नाणी घरीच राहिली

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

त्या रविवारी मी तुमच्याकडे आलो तेव्हा एका हातात भरलेला अर्ज होता आणि दुसऱ्या हातात एकतीस नाण्यांचा डबा. आजोबांच्या मागे ती नाणी माझ्याकडे आली होती. सगळीच्या सगळी ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून देणाऱ्या कंपनीकडे, पाठवायची, हे माझं पक्कं झालं होतं. तुम्हाला विचारायचं होतं ते एवढंच, की पॅकिंग कसं करू? ते तुम्ही सांगितलंच नाहीत. चष्मा कपाळावर सरकवलात, भिंग डोळ्याला लावलंत, पहिलं नाणं कडेने उचललंत आणि म्हणालात, "याच्याबद्दल तुला नक्की काय कळायचंय?"

"ग्रेड," मी म्हणालो.

"ती कळल्यावर काय करणार?"

मला उत्तर सुचलं नाही. विकायचं तर एकही नाणं नव्हतं. खरं सांगतो, तेव्हा थोडा रागच आला होता. आज हे पत्र त्याच प्रश्नासाठी लिहितो आहे.

पुढचे तीन तास तुम्ही माझ्यासाठी घालवलेत. एक ते सत्तर ही ग्रेडची मोजपट्टी मला आकाशातून पडल्यासारखी वाटायची. ती विल्यम शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये फक्त अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली होती, हे तुमच्याकडून कळलं. सत्तर ग्रेडच्या नाण्याला एक ग्रेडच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत यावी, असा तो हिशोब. किमतींनी तो केव्हाच मोडला, आकडे मात्र राहिले. पीसीजीएस ही ग्रेडिंग कंपनी १९८६ मध्ये आणि एनजीसी ही दुसरी १९८७ मध्ये सुरू झाली, त्यांनी हीच पट्टी घेतली आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून द्यायची पद्धत रूढ केली. "म्हणजे बघ, हे कुणाच्या तरी अनुभवी डोळ्यांचं मत आहे. वजनकाट्यावरचा आकडा नाही," असं तुम्ही म्हणालात. तेच नाणं डबी फोडून पुन्हा पाठवलं तर एखादा ग्रेड वर-खाली होऊ शकतो, आणि काही लोक त्याच आशेवर डब्या फोडत बसतात, हे ऐकून मी हसलो होतो. तुम्ही हसला नाहीत. तुम्हीही कधी फोडल्या असाव्यात, असा मला दाट संशय आहे.

मग डबा रिकामा व्हायला लागला. बाविसेक नाणी तुम्ही भराभर बाजूला सारलीत. पुष्कळ वापरलेली, कुठेही मिळणारी. ग्रेडिंगची फी, जाण्यायेण्याचं टपाल, विमा, सगळं मिळून नाण्याहून जड. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," असा निकाल तुम्ही दिलात. उरलेल्यांसाठी दिव्याखाली बसवलंत. नाणं सावकाश तिरकं फिरवलं की न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाच्या रेघा चाकाच्या आऱ्यांसारख्या फिरतात, आणि झीज झालेल्या उंचवट्यांवर त्या तुटतात. त्याआधी मी चकाकी म्हणजे चकचकीतपणा समजत होतो.

म्हणूनच तर ते नाणं. माझं सगळ्यात लाडकं, सगळ्यात चमकणारं. तुम्ही ते दिव्याखाली धरलंत, बराच वेळ बोलला नाहीत, मग विचारलंत, "घासलंस?" मी घासलं होतं. मऊ कापड, पावडर, एका दुपारचा उत्साह. एकाच दिशेने गेलेले केसासारखे बारीक ओरखडे तुम्ही मला भिंगातून दाखवलेत. असं नाणं पाठवलं की खरं असूनही त्याला साधा ग्रेड मिळत नाही, लेबलवर 'डिटेल्स' येतं आणि साफ केल्याची नोंद होते. ते परत नीट करता येतं का, असं मी विचारलं. "नाही," म्हणालात. एवढंच. दुसऱ्या कुणी समजूत घालायला काहीतरी गोड बोललं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत, त्याचे आभार वेगळे मानतो.

मोठं चांदीचं नाणं खरं की खोटं, ही शंका मात्र खरी होती. तुम्ही काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य केलंत, नाणं दोऱ्याने तळाला न टेकवता पाण्यात सोडलंत. हवेतलं वजन भागिले काट्याने तेव्हा दाखवलेला आकडा, म्हणजे धातूची घनता: १०.३ च्या आसपास आली. नव्वद टक्के चांदीला ती जुळते. तरी तुम्ही म्हणालात, "धातू बरोबर आहे. छाप बरोबर आहे का, ते माझ्याहून जास्त नाणी पाहिलेल्या माणसाला विचार." ते एक पाठवायचं ठरलं. पाठवायचं दुसरं नाणं असं, की त्याच्या वर्षाची झिजलेली नाणी ढीगभर, पण न वापरलेली थोडी, आणि किंमत एकेका ग्रेडने उडी मारते. बाकी एकोणतीस घरी.

एका बाबतीत तुमच्याशी अजून पटत नाही. डबीत नाणं कोंडलं की त्याला हात लावता येत नाही, कड बघता येत नाही, हे तुमचं दुःख मला कळतं. ती डबी हवाबंद नसते, रंग आतही बदलू शकतो, हेही कबूल. पण उद्या माझ्या मुलीला हा डबा उघडावा लागला आणि तिला नाण्यांतलं काही कळत नसलं, तर ते लेबल आणि पडताळून पाहता येणारा नंबर तिच्या कामाला येईल. माझ्याकडे आजोबांचा डबा आला तेव्हा तसं काहीच नव्हतं. तुम्ही होतात.

दोन्ही नाणी परत आली आहेत. मोठं खरं निघालं. दुसऱ्याला तुम्ही ६४ म्हणाला होतात, त्यांनी ६३ दिलं. फोडायची का डबी, असं विचारणार नाही, घाबरू नका.

बाकीची मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून काढली, कारण त्यातल्या पीव्हीसीनेच हिरवट चिकटा येतो असं तुम्ही म्हणाला होतात. एका नाण्यावर तो आलेलाच आहे. शुद्ध ॲसिटोन आणलं आहे, घासायचं नाही हेही पाठ आहे, पण त्या दुपारनंतर एकट्याने हात लावायची हिंमत होत नाही. रविवारी घेऊन येऊ का?

तुमचा,
घासून चकचकीत करणारा