चांदीचे बोंडले

पुणे

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाळाला काल अडीच महिने पूर्ण झाले आणि वजन साडेपाच किलो भरले. बाबांनी हा आकडा त्यांच्या डायरीत लिहावा. सुरुवातीचे दिवस मी फोनवर केवळ "सगळे ठीक आहे" एवढेच सांगत राहिले, कारण बाबांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली होती आणि लेकीच्या बाळंतपणाला कराडहून येता आले नाही याची आईला आधीच खंत लागली होती. आता माझे पाजतानाचे दुखणे संपले आहे, म्हणून काय झाले होते ते सविस्तर लिहिते.

दुसऱ्या दिवसापासूनच बाळ अंगावर प्यायला लागले की कोणीतरी चिमट्यात धरून पिळावे तशी कळ यायची. चौथ्या दिवशी दोन्ही बाजूंच्या बोंडांना चिरा पडल्या आणि उजवीकडून रक्त आले. त्याची भुकेची चुळबूळ सुरू झाली की माझ्या पायांची बोटे आपोआप आखडत. एका रात्री मी त्याला पाजताना दात आवळून वीसपर्यंत आकडे मोजत होते आणि डोळ्यांतले पाणी त्याच्या टकुच्यावर पडत होते. प्रसूतिगृहात विचारले तर "पहिलटकरणीला दुखतेच, सवय होईल" असे उत्तर मिळाले आणि एका ताईंनी डब्याच्या दुधाचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. आई, तूही फोनवर म्हणालीस की थोडे सोसावेच लागते. त्या वेळी मला फार एकटे वाटले, हे आज प्रांजळपणे सांगते. मात्र तुलाही कोणी वेगळे सांगितलेले नव्हते, हे मला नंतर कळले.

जन्माच्या वेळी २ किलो ९०० ग्रॅम असलेले बाळ चौथ्या दिवशी २ किलो ६५० ग्रॅमवर आले होते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरतेच, पण ते दहा टक्क्यांच्या आसपास गेले की पाजण्याकडे बारकाईने पाहावे लागते, असे बालरोगतज्ज्ञांनी सांगितले. त्यांनी बाळाच्या जिभेखालचा पडदा तपासला, तो मोकळा होता. मग त्यांनी मला स्तनपानाविषयी मार्गदर्शन करणाऱ्या एका परिचारिकेकडे पाठवले.

त्या बाईंनी आधी काहीच केले नाही, मी पूर्ण पाजेपर्यंत त्या नुसत्या शेजारी बसून पाहत राहिल्या. बाळाने तोंड सोडल्यावर त्यांनी मला बोंड पाहायला सांगितले, तर ते बोरूच्या टोकासारखे तिरपे दबलेले होते. बाळ केवळ बोंडच चोखत होते आणि ते त्याच्या कडक टाळूवर घासले जात होते. मग त्यांनी विचारले, "मान खांद्याकडे वळवून तुम्हाला पाणी पिता येईल का?" तेव्हा माझ्या लक्षात आले की मी त्याला पाळण्यात निजवावे तसे उताणे धरत होते आणि त्याचे केवळ तोंड माझ्याकडे वळवत होते.

त्यांनी त्याचे पोट माझ्या पोटाला लावले. डोके मागून दाबायचे नाही, मान आणि खांदे तळहातावर तोलायचे. त्याचे नाक बोंडासमोर आणायचे, वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करायचा आणि जांभई द्यावी तसे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबायचे. उघडले की बाळाला छातीकडे आणायचे, आपण त्याच्यावर वाकायचे नाही. हनुवटी आधी टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग खालच्या बाजूने जास्त तोंडात गेला पाहिजे. चुकले तर ओढून काढायचे नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचे. त्या दिवशी आम्ही आठ वेळा सोडवले. नवव्या वेळी पहिली कळ आली, पण दहापर्यंत मोजेतो ती ओसरली आणि पहिल्यांदाच मला त्याच्या गिळण्याचा आवाज ऐकू आला. आई, तो आवाज ऐकून मला रडू आवरेना.

उजवी बाजू बरी होईपर्यंत दोन दिवस मी त्या बाजूचे दूध हाताने पिळून काढले, नाहीतर गाठी झाल्या असत्या. ते दूध पाजायला बाळंतविड्यात तू पाठवलेले चांदीचे बोंडले उपयोगी पडले. प्रत्येक वेळी ते उकळून घेत असे. पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब चिरांवर लावून उघड्यावर सुकू द्यायचे, एवढाच उपाय केला. साधारण आठवड्याभरात चिरा भरल्या. बाळ दिवसातून सहा-सात लंगोट ओले करू लागले आणि मग माझा जीव भांड्यात पडला.

त्याच बोंडल्याने तू मला डब्याचे दूध पाजले होतेस. "तुझ्या अंगावर दूधच नाही" असे तुला सांगितले गेले आणि ते तू आजही अपराध केल्यासारखे बोलतेस. दूध जितके नीट ओढले जाते तितके ते तयार होते, हे आता मला पक्के ठाऊक आहे, आणि तान्ही मी तोंडात नीट धरते आहे की नाही हे तेव्हा कोणी पाहिलेच नव्हते. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदाही १९९२ साली, माझ्या जन्मानंतर आला. तुझ्यात काही कमी होते असे कृपा करून पुन्हा म्हणू नकोस. तुझ्या हातून मी उपाशी राहिले नाही.

वहिनी श्रावणात बाळंत होईल. दुखते असे ती म्हणाली तर अळिवाची खीर अवश्य दे, पण त्याच दिवशी कोणा जाणकाराला बाळ पिताना पाहायला सांग. बाबांनी रोज वजन विचारू नये, त्याने बाळंतीण धास्तावते. आठवड्यातून एकदा पुरे.

पुढच्या महिन्यात याल तेव्हा माळ्यावरचा बुटका पाट आठवणीने आणावा. खुर्चीत बसून पाजताना माझे पाय जमिनीला पुरत नाहीत, आणि सध्या मी पायांखाली जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेते.

आपली,
ताई