फ्लॅट आईच्या नावावर झाला, तरी विकता येईना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात घरांच्या जाहिराती पानंच्या पानं असतात, गार्डन, पार्किंग, क्लबहाउस सगळं सांगतात, पण जुना फ्लॅट घेताना-विकताना कुठले कागद बघायचे हे साध्या मराठीत कुठेच मिळत नाही. ते तुम्ही छापावं म्हणून हे पत्र, कारण गेल्या वर्षी आम्ही स्वतः यात चांगलेच अडकलो होतो.

बाबा गेल्यावर आईला तिसरा मजला झेपेना, लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, म्हणून फ्लॅट विकायचं ठरलं. बाबांनी सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरलेला होता, त्यात आईचं नाव होतं. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटच्या, म्हणजे सभासदत्वाच्या दाखल्याच्या, मागच्या बाजूला आईचं नाव चढवून दिलं, सेक्रेटरींची सही झाली, शिक्का बसला, आणि आम्ही सगळे धरून चाललो की आता घर आईचं. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं, दोघं नवरा-बायको नोकरी करणारे. टोकन घेतलं, दोन महिन्यात ॲग्रीमेंट करू असं साध्या कागदावर लिहून दिलं. मग त्यांच्या बँकेच्या वकिलांनी फाइल बघितली आणि एवढंच विचारलं, बाकीचे वारस कुठे आहेत?

आम्हाला प्रश्नच कळला नाही. नॉमिनी आहे ना, मग वारस कशाला? तेव्हा त्यांनी समजावलं की नॉमिनी म्हणजे ज्याच्याकडे सोसायटीने तात्पुरतं सोपवलं तो माणूस, मालकी ठरते ती मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात 2019 ला गृहनिर्माण संस्थांसाठी जी दुरुस्ती झाली त्यात तर अशा नॉमिनीला तात्पुरता सभासदच म्हटलंय, खरे वारस दाखल होईपर्यंतचा. हे सोसायटीच्या ऑफिसात आम्हाला कोणीच सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही, त्यांनाही माहीत नसावं.

बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं आणि फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. म्हणजे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, मी, माझा भाऊ, आणि आजी! हो, बाबांची आई हयात होती, आणि मुलगा आधी गेला तर आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते, चौघांचा सारखा हिस्सा. हे घरात कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. मग मी, भाऊ आणि आजी तिघांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करायचं ठरलं, आणि ते नुसतं नोटरी करून चालत नाही, रजिस्टर करावंच लागतं.

रजिस्ट्रार ऑफिसात आजीला खुर्चीवर बसवून नेलं. फोटो झाला, पण तिचा अंगठा मशीनवर उमटेना, आयुष्यभर भांडी घासून रेषाच पुसट झालेल्या. तिथल्या मुलीने ओल्या फडक्याने बोट पुसून दिलं, परत ठेवायला लावलं, असं पाच-सहा वेळा झालं तेव्हा कुठे उमटला. त्या मुलीचे आभार मानावे तितके थोडेच. आजी मात्र सारखी विचारत होती, मी माझ्या पोराचं घर कोणाला देतेय का? तिला काय सांगणार.

भावाला सुट्टी मिळेपर्यंत, वारसाचे कागद जमेपर्यंत चार महिने गेले. तोवर घेणाऱ्यांच्या लोनच्या मंजुरीची मुदत संपली, त्यांना लोनचं सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं, तोवर त्यांच्या राहत्या घराचं भाडं चालूच होतं. ते चांगले म्हणून थांबले, दुसऱ्या कोणी टोकनसाठी भांडण केलं असतं आणि त्यांचं चुकलंही नसतं.

या सगळ्या धावपळीत आणखी काही गोष्टी कळल्या त्या पण लिहिते. बरेच जण अजूनही मुखत्यारपत्रावर किंवा नोटरी केलेल्या करारावर घर घेतात आणि आपण मालक झालो समजतात, पण 2011 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तसल्या कागदाने मालकी येत नाही, त्याला रजिस्टर झालेलं खरेदीखतच लागतं. नवीन बिल्डिंगमध्ये घेत असाल तर ॲग्रीमेंट रजिस्टर करायच्या आधी बिल्डरने 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत असं 2016 च्या रेरा, म्हणजे बिल्डरांच्या व्यवहारांवरच्या, कायद्यात स्पष्ट आहे, तरी लोक चेक देऊन मोकळे होतात. आणि व्यवहार 50 लाखांचा किंवा वरचा असेल तर 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा आयकर, घेणाऱ्याने कापून भरायचा असतो, आमचा फ्लॅट घेणाऱ्यांनाही हे शेवटच्या आठवड्यात कळलं. विकणारा परदेशात राहत असेल तर नियम वेगळा आणि कापायची रक्कम बरीच जास्त, तेव्हा आधी सीएला विचारा.

तर विनंती एवढीच की आठवड्यातून एकदा अर्धा रकाना तरी एखाद्या जाणकार वकिलाला द्या, वाचकांचे प्रश्न घ्या, आणि सुरुवात नॉमिनेशनपासूनच करा कारण तो फॉर्म भरून निवांत झालेली घरं खूप आहेत. आईने नव्या घरात गेल्यावर पहिल्याच महिन्यात मृत्युपत्र केलं, त्याला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. शेजारच्या काका-काकूंनी सह्या केल्या, आणि काका जाताना म्हणाले, आमचं पण राहिलंय, तो मसुदा जरा पाठव ना मला.

आपली,
एक नियमित वाचक