तिकिटावरचे सहा तास

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या माझ्याकडे येण्याच्या विमानप्रवासाचा हिशेब केलेल्या वहीच्या पानाचा फोटो मिळाला. बाबांचं लाल शाईतलं गणित: अंतर 12,500 किलोमीटर, वेग ताशी 900, म्हणजे चौदा तास, मग तिकिटावर साडेपंधरा कसे? आणि कोपऱ्यात आईचं बारीक अक्षर: रात्री 11.30 ला निघून पहाटे 5.30 ला पोचतो, म्हणजे सहाच तास की!

आई, आधी तुझं. निघायची वेळ तिकडच्या घड्याळाची, पोचायची इकडच्या. इकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे. सहात ते मिळव, झाले साडेपंधरा. परतीच्या तिकिटावर वजाबाकी केलीस तर साडेतेवीस येतील. घाबरू नकोस, त्यातले साडेनऊ काढ, चौदाच उरतात.

आता बाबा म्हणतील, येताना साडेपंधरा आणि जाताना चौदा, रस्ता तर तोच. ही करामत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. इकडे येताना तो तोंडावर, परतताना पाठीशी. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वारा पाठीशी घेऊन एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची. धावपट्टीकडे मुंगीच्या पावलांनी सरकणंही त्यातच धरलेलं.

नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, बाबा. सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणलेला असतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडून जाईल. जवळचा रस्ता तोच. टोकियोहून न्यूयॉर्कला जाणारी विमानं अलास्काच्या बाजूने जातात ती म्हणूनच. अर्थात दोऱ्याला देशांच्या सीमा कळत नाहीत. 2022 पासून रशियाचं आकाश अनेक कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. तेव्हा विमान पडद्यावर वाकडंतिकडं जाताना दिसलं तर वाट चुकलं असं समजू नका.

मला काळजी किलोमीटरची नाही, त्या साडेपंधरा तासांच्या बसण्याची आहे. दोघांच्याही जागा मधल्या वाटेच्या कडेला घेतल्या आहेत, खिडकी नाही. आई, रुसू नकोस. दर दोन तासांनी उठून मागपर्यंत चालून यायचं, झोपलेल्यांना न उठवता. तुझ्या गोळ्या घड्याळ बघून घ्यायच्या की दोन गोळ्यांमधले तास मोजून, ते डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घे. चिठ्ठी आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नको.

बाबा, मनगटावरचं घड्याळ वाटेत बदलू नका. चिठ्ठीतले तास त्यावरच मोजता येतील. मी बाहेर उभी असेन, काटे तिथे फिरवू.

तुमची,
ताई